पडद्यापुढची गाणी

तियात्र गोव्यात जन्मले, असे पुष्कळांना वाटते. ते जन्मले मुंबईत. १७ एप्रिल १८९२, ईस्टरचा रविवार. न्यू आल्फ्रेड नाट्यगृहात लुकाझिन्हो रिबेरो यांचा 'इटालियन भुरगो' त्या दिवशी रंगला. पडदा आणि इटालियन ऑपेराचा थाट मुंबईने दिला खरा. परंतु गाणे व थट्टा ही मिळकत कार्निव्हालात अंगणात होणाऱ्या 'खेळा'चीच, असे आमचे मत आहे.

प्रेक्षकांत मोठा भरणा कुडांतून दाटीने राहणाऱ्या खलाशी, आचारी, बँडवाल्यांचा. दोन प्रवेशांच्या मध्ये पडद्यापुढे येऊन गायिलेली 'कांतारां' त्यांना कथानकाइतकीच, किंबहुना अधिक प्रिय असत. कथेशी त्यांचा संबंध असेच असे नाही. भाटकारापासून सावकारापर्यंत कोणाचाही समाचार त्यांत घेतला जाई. नाट्यशास्त्राच्या दृष्टीने हा दोष ठरेल, आम्हांस तो गुण वाटतो. गोव्यात त्या काळी राज्यकारभाराची भाषा पोर्तुगीज. कोकणीला भर सभेत बोलते ठेवले ते पदरचे पैसे मोडून तिकीट काढणाऱ्या या कष्टकऱ्यांनी.

स्त्रीभूमिका मात्र पुरुषच करीत. १९०४ साली रेजिना फर्नांडिस रंगमंचावर आल्या. पहिल्या तियात्रातले नट जुआंव आगुस्तिन्यो फर्नांडिस यांच्या त्या पत्नी.