कोलंबियातून पडलेली वही

१ फेब्रुवारी २००३, शनिवार. कोलंबिया यान टेक्सासच्या आकाशात फुटलं आणि कल्पना चावला व तिचे सहा सहकारी गेले. तुम्हालाही ती बातमी आठवत असेल. त्या अपघाताबद्दल मी बरंच वाचलंय, पण चटका लावला तो एका वहीनं.

वही इलान रामोन यांची. इस्रायलचे पहिले अंतराळवीर. यानात ते रोजनिशी लिहीत. अपघातानंतर दोनेक महिन्यांनी तिची काही पानं टेक्सासमधल्या पॅलेस्टाइन नावाच्या गावाबाहेर शेतात सापडली. भिजलेली, फाटलेली, पण पानंच!

आता विचार करा. यान तेव्हा सुमारे ६० किलोमीटर उंचीवर होतं, वेग ताशी २०,००० किलोमीटरच्या आसपास. जिथे धातू वितळला तिथे कागद कसा उरला?

नुसतं हलकं असून भागत नाही, वजनाच्या मानानं पसाराही मोठा लागतो. गच्चीवरून खडा आणि कागद एकदम सोडून बघा, म्हणजे कळेल. ६० किलोमीटरवर हवा आपल्या इथल्यापेक्षा हजारो पटींनी विरळ असते. जड वस्तूला ती फारशी अडवू शकत नाही, त्यामुळे ती तसाच वेग घेऊन खालच्या दाट हवेत घुसते आणि भाजून निघते. हलकी, पसरट वस्तू मात्र वरच्यावरच वेग गमावते. दाट हवेत येईपर्यंत तिचा जोर ओसरलेला असतो. मग ती गळक्या पानासारखी तरंगत खाली येते. पहिला तडाखा अर्थात केबिननं आणि भोवतीच्या सामानानं झेलला असणार.

अवशेष जमिनीवर पसरले तेही याच हिशोबानं. इंजिनांचे जड भाग सगळ्यात पुढे, लुइझियानात जाऊन रुतले. हलके तुकडे त्यांच्या बरेच मागे पडले.

पुढे जेरुसलेमच्या इस्रायल म्युझियममधल्या तज्ज्ञांनी ती पानं हलक्या हातानं सोडवली, पोलिसांच्या प्रयोगशाळेनं अक्षरं लावली. २००८ साली त्यातली थोडी लोकांना पाहायला ठेवली. खाजगी मजकूर घरच्यांनी स्वतःपाशीच ठेवला. ते मला फार योग्य वाटतं. एवढ्या उंचीवरून आलेली असली तरी ती शेवटी घरी लिहिलेलीच अक्षरं होती.

असो. आमच्या नातेवाईक मंडळींना एकच विनंती, घरातली जुनी पत्रं रद्दीत घालू नका.