प्याद्याचा वजीर: खेळाचा उत्तरभाग आणि उसनवारीचा प्रश्न

पदव्युत्तर वर्गातील काही विद्यार्थ्यांना घेऊन आम्ही एकदा वसईच्या किल्ल्यात गेलो होतो. पोर्तुगीज थडग्यांवरील लेख पाहावेत, जमल्यास उतरवून घ्यावेत, एवढाच हेतू. ऊन चढल्यावर मंडळी एका पडक्या चर्चच्या सावलीत टेकली आणि पाच मिनिटांच्या आत सर्वांचे अंगठे मोबाईलवर चालू लागले. खेळ होता बीजीएमआय. खेळता खेळता वाद पेटला. एकाचे म्हणणे, हा नवा खेळ आहे. दुसऱ्याचे म्हणणे, "नवा कसला? पब्जीच आहे तो. दुकान तेच, पाटी बदलली." पब्जी मोबाईलवर सप्टेंबर २०२० मध्ये भारतात बंदी आली आणि जुलै २०२१ मध्ये हा दुसरा खेळ आला, हा इतिहास आम्हांला तेथेच कळला. रक्ताचा लाल रंग जाऊन हिरवा आला, अज्ञान मुलांच्या खेळण्याला तासांची मर्यादा पडली. बाकी बेट, विमानातून उडी, आवळत जाणारे वर्तुळ, शेवटी उरणारा एकटा जीव, सगळे होते तसेच. तिसऱ्याने आणखी मागे ढकलले: मुळात पब्जी तरी कुठे स्वतःच्या पायांवर उभा आहे? कोउशुन ताकामी यांची 'बॅटल रॉयल' ही जपानी कादंबरी १९९९ ची, तिच्यावरचा फुकासाकू यांचा चित्रपट २००० चा, आणि त्या चित्रपटावरून नाव व कल्पना उचलून ब्रेंडन ग्रीन यांनी आधी दुसऱ्याच एका खेळात आपला प्रकार बसवला. पब्जी अवतरला तो २०१७ मध्ये.

वाद ऐकताना आम्हांला मौज वाटली, कारण तो आमच्या ओळखीचा होता. मराठी साहित्याच्या वर्गात तो शंभर वर्षे चालू आहे. मोलियेरच्या प्रहसनावरून आर्थर मर्फीने इंग्रजी नाटक रचले, त्यावरून देवलांनी 'फाल्गुनराव' हे गद्य नाटक लिहिले, आणि त्याचेच पुढे १९१६ मध्ये 'संशयकल्लोळ' झाले. मग 'संशयकल्लोळ' कोणाचे? परीक्षेत हा प्रश्न येतो आणि विद्यार्थी 'रूपांतर' हा शब्द लिहून मोकळे होतात. खेळांच्या बाबतीत इतका सोयीचा शब्द आपल्यापाशी नाही. खेळाडूला काय करता येते आणि ते केल्यावर काय घडते, या रचनेला त्या व्यवसायात मेकॅनिक्स म्हणतात. 'आकृतिबंध' या रुळलेल्या शब्दाच्या धर्तीवर आम्ही तिला येथे 'नियमबंध' म्हणतो. उत्तरभागाचा नियमबंध नवा की उसना, हे ठरवायचे कशावरून? या प्रश्नाची आमच्या मते सर्वांत उद्बोधक हकीकत संगणकापूर्वीची आहे, आणि तिचे एक टोक वसईच्या काळाशी येऊन भिडते. ती हकीकत बुद्धिबळाची.

बुद्धिबळ आपले, हे वाक्य आपण बाळपणापासून ऐकतो. ते खोटे नाही. सहाव्या शतकाच्या सुमारास येथला चतुरंग इराणात गेला, तेथून अरबांकडे आणि अरबांकडून युरोपात. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराच्या ज्या 'मानसोल्लासा'त आपण मराठीच्या आरंभीच्या पदांसाठी डोकावतो, त्याच ग्रंथात चतुरंगाचेही वर्णन आहे. परंतु आपल्या बोलण्यातला खेळ पाहा. शह, मात, वजीर, प्यादे: सगळे शब्द फारसी-अरबी वाटेने आलेले. खेळ परदेशी जाऊन परका पोशाख घालून घरी आला आणि आपण त्याला त्याच पोशाखात ओळखतो. शह देणे, मात करणे, प्याद्याचा वजीर होणे, हे वाक्प्रचार तर आता मराठीला इतके अंगचे झाले आहेत की त्यांना उसने म्हणणेच उद्धटपणाचे वाटावे.

आता आपण ज्याला बुद्धिबळ म्हणतो त्यातला वजीर पाहू. जुन्या खेळात हे मोहरे अगदी दुबळे होते. तिरपे एक घर, बस्स. आपल्या उंटाच्या जागचे मोहरे तिरपी दोन घरे उडी मारी. पंधराव्या शतकाच्या अखेरीस स्पेनमध्ये बदल झाला. व्हॅलेन्सियात १४७५ च्या सुमारास रचलेल्या एका काव्यात नव्या रीतीचा डाव आढळतो. लुसेनाने १४९७ मध्ये सालामांका येथे छापलेल्या पुस्तकात जुन्या आणि नव्या रीतीचे डाव एकाच बाडात दिले आहेत. आणि १५१२ मध्ये दामियानो नावाच्या पोर्तुगीज औषधविक्याचे पुस्तक रोममध्ये निघाले. वजीर, युरोपातली राणी, आता पटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आठही दिशांना धावू लागली. इटालियन लोकांनी या रीतीला पिसाळलेला खेळ म्हटले. बावीस वर्षांनी, डिसेंबर १५३४ मध्ये, गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांच्या स्वाधीन केली. ज्यांनी हा किल्ला पुढे बांधून काढला, त्यांच्या मायदेशात बुद्धिबळाचा हा उत्तरभाग एव्हाना रूढ झालेला होता.

तर या राणीत नवे काय? कठोरपणे पाहिले तर काहीच नाही. सरळ रेषेत हवे तितके धावणे हे हत्तीचे, म्हणजे मूळच्या रथाचे, जुनेच बळ. तिरप्या रेषेत धावणेही अपूर्व नव्हते. जर्मनीत बारा घरे रुंदीच्या पटावर खेळल्या जाणाऱ्या एका जुन्या प्रकारात 'कूरियर' नावाचे मोहरे तेराव्या शतकापासून तसेच धावत होते. प्याद्याने पहिल्या चालीत दोन घरे जाण्याची सवलत कॅस्टिलच्या दहाव्या अल्फोन्सोच्या १२८३ च्या ग्रंथातही आहे. सारांश, ज्याने हा खेळ घडवला त्याने एकही चाल शोधली नाही. दोन जुन्या चाली एका दुबळ्या मोहऱ्याला दिल्या, इतकेच.

आणि इतक्यानेच सगळे उलटे झाले. जुन्या खेळात दोन्ही बाजू संथपणे आपापली सेना मांडत; अरबांकडे अशा ठरलेल्या मांडण्यांना नावे असत आणि त्या गाठेपर्यंत प्रतिपक्षाकडे फारसे लक्ष द्यावे लागत नसे. नव्या राणीने ही फुरसत संपवली. गाफील राजा दुसऱ्या चालीलाच मात होऊ शकतो. सुरुवातीच्या चालींचे शास्त्र निर्माण झाले ते या धास्तीतून. प्याद्याचेही मोल बदलले: पूर्वी शेवटच्या घरात पोचून त्याला मिळे ते एक घर तिरपे चालणारे मोहरे, आता मिळू लागली पटावरची सर्वांत मोठी सत्ता. प्याद्याला हात न लावता प्याद्याचे भाग्य पालटले.

येथे आमची कसोटी सांगून टाकतो. उत्तरभागातला एखादा नियम कोठून आला याची वंशावळ काढावी, अवश्य काढावी, पण निकाल तिच्यावर देऊ नये. जुन्या भागात तरबेज असलेल्या माणसाला नव्या भागात काय विसरावे लागते, ते पाहावे. काहीच विसरावे लागत नसेल, तर खेळ जुनाच आहे, मग चित्रे कितीही नवी असोत.

या कसोटीवर संगणकीय खेळांची दोन जुनी उदाहरणे मजेशीर उतरतात. नाम्कोचा 'पॅक-मॅन' १९८० चा. त्यातली भुते ठरलेल्या रीतीने चालत, म्हणून लोकांनी वाटा पाठ केल्या. पाठांतर हेच कौशल्य. अमेरिकेतल्या काही तरुणांनी दुसऱ्याच्या या खेळाच्या यंत्राला जोडायचा एक परस्पर सुधारसंच तयार केला, तो मिडवे कंपनीने घेतला आणि १९८२ मध्ये 'मिस पॅक-मॅन' म्हणून बाजारात आणला. जन्माने हा खेळ जवळजवळ बेकायदा. पण त्यात चक्रव्यूह अनेक झाले, आणि भुतांच्या चालण्यात थोडी अनिश्चितता आली. पाठ केलेल्या वाटा एका दिवसात निरुपयोगी. तो नवा खेळ होता. उलट 'सुपर मारिओ ब्रदर्स'चा १९८६ चा जपानी दुसरा भाग घरच्याच मंडळींनी केलेला, तरी पहिल्याचीच अवघड आवृत्ती. अमेरिकेला तो दिलाच नाही. त्याऐवजी १९८८ मध्ये 'डोकी डोकी पॅनिक' या १९८७ च्या निराळ्याच खेळात मारिओची पात्रे बसवून तो दुसरा भाग म्हणून विकला. त्यात शत्रूवर उडी मारून तो मरत नाही. जमिनीतून भाजी उपटून त्याच्यावर फेकावी लागते. आता सांगा, खरा उत्तरभाग कोणता? औरस असलेला शिळा, दत्तक घेतलेला ताजा. दत्तकाची परंपरा ज्या समाजात इतकी मुरलेली, त्या आपल्याला तरी यात अवघड वाटू नये.

आता पुन्हा वसईकडे, कारण या गावात उसन्या नियमबंधाचा एक फार महाग डाव झाला आहे. ऑक्टोबर १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी पुण्याच्या लढाईत धूळ चारल्यावर दुसरा बाजीराव कोकणात उतरला आणि इंग्रजांच्या आश्रयाने वसईस आला. ३१ डिसेंबर १८०२ रोजी येथे तह झाला: सहा हजारांची तैनाती फौज, तिच्या खर्चासाठी सव्वीस लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख, इंग्रजांशी वैर असलेल्या युरोपियनांना नोकरीत ठेवू नये, इतरांशी बोलणी इंग्रजांच्या सल्ल्याने. यातले मुख्य कलम नवे नव्हते. तैनाती फौजेचा हा साचा चार वर्षांपूर्वी, १७९८ मध्ये, निजामावर घालून झाला होता. पण तीच चाल आता निराळ्या मोहऱ्याला लागू झाली. निजामाने फौज पत्करली तेव्हा एक दरबार बांधला गेला. पेशव्याने पत्करली तेव्हा ज्याच्या नावाने शिंदे, होळकर, भोसले हालत होते, किमान हलल्यासारखे दाखवत होते, ते मध्यच सरकले. मराठ्यांना जुने सगळे विसरून नवा डाव शिकावा लागला आणि तेवढा अवधी त्यांना मिळाला नाही. आमच्या कसोटीने हा तह नवा ठरतो. तसे ठरावे याचा आनंद वाटत नाही, एवढे मात्र नमूद करतो.

याच बाजीरावाच्या काळात त्रिवेंगडाचार्य शास्त्री नावाचे एक पंडित होऊन गेले. त्यांचा 'विलासमणिमंजरी' हा बुद्धिबळावरचा संस्कृत ग्रंथ. १८१४ मध्ये, तहाला बारा वर्षे होतात न होतात तोच, मुंबईत त्याचे इंग्रजी भाषांतर छापले गेले, आणि त्याच्या शीर्षकातच म्हटले आहे की हे निबंध युरोपीय पद्धतीस जुळवून घेतले आहेत. या एका शीर्षकापाशी आम्ही कितीदा थांबलो असू. ज्या देशातून खेळ गेला, त्या देशातला पंडित, देवभाषेतला ग्रंथ, आणि छापताना मात्र पाहुण्याच्या नियमांना जुळवून!

जुळवण्यासारखे काय होते? देशी पद्धतीत प्यादे आरंभी एकच घर चाले. आजच्यासारखा किल्लेकोट नव्हता. त्याऐवजी राजाला, शह लागण्यापूर्वी, एकदा घोड्याची अडीच घरांची उडी घेण्याची मुभा असे. आणि सर्वांत हृद्य नियम बढतीचा: शेवटच्या घरात पोचलेले प्यादे ज्या स्तंभात पोचले, त्या स्तंभाचे मोहरे होई. घोड्याच्या घरात घोडा, हत्तीच्या घरात हत्ती. प्याद्याचा वजीर व्हायचा तर वाट वाकडी करून, मारत मारत, मधल्या स्तंभांकडे सरकावे लागे. त्रिवेंगडाचार्यांचे पुस्तक मुख्यतः पटावरील निवडक स्थितींचे आहे. पहिल्या चालींचे फरक तेथे फारसे नडले नसतील, पण बढतीचा नियम बदलला की डावाचा शेवटच बदलतो.

हा बदल आपण वरवरचा समजतो. मीर सुलतान खान यांना विचारता आले असते तर त्यांनी वेगळे सांगितले असते. पंजाबातले हे खेळाडू देशी पद्धतीत वाढले, युरोपीय नियम त्यांनी मागाहून आत्मसात केले, आणि तरीही १९२९, १९३२ आणि १९३३ असे तीनदा ब्रिटनचे अजिंक्यपद जिंकले. त्यांची दुबळी बाजू होती ती डावाच्या आरंभाची; मध्य आणि अखेर यांत मात्र ते भल्याभल्यांना भारी पडत. म्हणजे देशी खेळाचे ज्ञान कोठवर चालते आणि कोठे तुटते, याची सीमारेषाच त्यांच्या डावांनी आखून दिली आहे.

म्हणून 'बुद्धिबळ आमचेच' या अभिमानाविषयी आम्हांला थोडी तक्रार आहे. मुळाचा मान जरूर घ्यावा. पण वजिराची धाव, दोन घरांची प्यादी, किल्लेकोट, यांच्यावर आपला हक्क तेवढाच, जेवढा मोलियेरचा फाल्गुनरावावर. आणि जे निखालस आपले होते, त्या देशी पद्धतीला आपण चुपचाप पटावरून उतरू दिले. तिच्यासाठी कोणी रडले नाही, कारण नाव तेच राहिले. बंद पडलेल्या जुन्या संगणकीय खेळांविषयी आमचे विद्यार्थी हळहळतात. आम्ही आमच्या आजोबांच्या खेळासाठी तेवढेही केले नाही.

किल्ल्यातल्या त्या वादाचा निकाल आम्ही त्या दिवशी दिला: बीजीएमआयमध्ये अंगठ्यांना काहीच विसरावे लागले नाही, सबब खेळ जुना. पब्जीने मात्र कादंबरीतून उचललेल्या कल्पनेसाठी हातांना नवे वळण लावले, म्हणून तो उसना असून नवा. निकाल सर्वांना पटला असे नाही. परतताना पापडीला एका विद्यार्थिनीच्या घरी चहाला थांबलो. तिचे आजोबा देशी पद्धतीने खेळणारे. वाद कानावर येताच त्यांनी पट मांडला आणि आमच्यातल्या सर्वांत हुशार मुलाला समोर बसवले. मुलाने तासाभरात एक प्यादे शेवटच्या घरात नेले आणि विजयाने वजीर उचलायला हात पुढे केला.

"तो ठेव खाली," आजोबा म्हणाले. "कुठल्या घरातून आलास? घोड्याच्या. मग घोडा घे."

मुलाने घोडा घेतला, आणि मग बराच वेळ तो पटाकडे नुसता पाहत राहिला.