वाइनची तिसरी बाटली महागात पडते

परदेशवारीहून परतताना सामानात वाइनच्या दोन-तीन बाटल्या आणणाऱ्या प्रवाशांची आता वाण नाही. विमान कंपनीने हरकत घेतली नाही म्हणजे बाटली विनासायास घरी पोहोचणार, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात विमानातून काय नेता येते आणि देशात काय आणता येते, हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत.

पहिला प्रश्न सुरक्षिततेचा. द्रवरूप स्फोटकांनी विमाने उडवून देण्याचा कट २००६ साली लंडनमध्ये उघडकीस आला. त्यानंतर केबिनमधील सामानात १०० मिलिलिटरहून मोठी द्रवपदार्थाची बाटली नेण्यास बहुतेक देशांनी मनाई केली. काही विमानतळांवर हा निर्बंध अलीकडे शिथिल झाला असला, तरी शहरातील दुकानातून घेतलेली वाइन चेक-इन सामानात ठेवणेच श्रेयस्कर. आंतरराष्ट्रीय हवाई नियमांनुसार ७० टक्क्यांहून अधिक मद्यार्क असलेले पेय विमानातून नेता येत नाही. २४ ते ७० टक्क्यांच्या पेयांना माणशी ५ लिटरची मर्यादा असून बाटल्या मूळ वेष्टनात असाव्या लागतात. वाइनमध्ये मद्यार्क साधारणतः १२ ते १५ टक्के असल्याने तिला अशी मर्यादा नाही. अडसर असतो तो वजनाचा, कारण ७५० मिलिलिटरची भरलेली बाटली सुमारे सव्वा किलोची असते.

खरी मेख आहे ती सीमाशुल्काच्या नियमांत. भारतात प्रत्येक प्रवाशाला २ लिटरपर्यंतच मद्य शुल्काविना आणता येते. वाइन, व्हिस्की, बीअर यांची मिळून ही मर्यादा आहे. दोन बाटल्यांचे दीड लिटर होते, तिसरी घेताच बेरीज सव्वादोन लिटरवर जाते. उरलेल्या अर्ध्या लिटरमध्ये फार तर ३७५ मिलिलिटरची छोटी बाटली बसते. भारतात उतरल्यावर विमानतळावरील ड्यूटी फ्री दुकानात केलेली मद्यखरेदीही याच २ लिटरमध्ये मोजली जाते, याचा अनेकांना विसर पडतो. मर्यादेपेक्षा अधिक मद्य असल्यास रेड चॅनलमध्ये जाऊन ते जाहीर करावे व शुल्क भरावे. हे शुल्क इतर वस्तूंच्या मानाने बरेच चढे असते. मात्र काही न सांगता ग्रीन चॅनलमधून बाहेर पडताना पकडले गेल्यास माल जप्त होऊन दंडही होऊ शकतो.

नाशिकची वाइन परदेशातील आप्तांसाठी नेणाऱ्यांनी त्या देशाचा नियम पाहावा. शुल्कमुक्त मर्यादा अमेरिकेत १ लिटर, कॅनडात वाइनसाठी दीड लिटर, तर ऑस्ट्रेलियात सव्वादोन लिटर आहे. म्हणजे भारतात अडणारी तिसरी बाटली ऑस्ट्रेलियात चालते. ब्रिटनमध्ये तर फेस नसलेली साधी वाइन १८ लिटरपर्यंत नेता येते. याउलट कुवेत व सौदी अरेबियात प्रवाशाला एकही बाटली नेता येत नाही.

हवेच्या दाबाने बाटली फुटेल, ही भीती मात्र अनाठायी आहे. प्रवासी विमानांतील सामानकक्षातही केबिनप्रमाणेच हवेचा दाब राखलेला असतो. बाटली फुटते ती आदळआपटीने. म्हणून प्रत्येक बाटली घट्ट बंद होणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून जाड कपड्यांत गुंडाळावी, टणक बॅगेच्या मध्यभागी ठेवावी व दोन बाटल्या एकमेकींना भिडू देऊ नयेत. खरेदीची पावती हाताशी ठेवावी, कारण शुल्क भरण्याची वेळ आल्यास किंमत दाखवण्यास ती उपयोगी पडते.

मुंबईत उतरून पुढे गुजरात वा बिहारला जाणाऱ्यांनी आणखी एक खबरदारी घ्यावी. या राज्यांत दारूबंदी आहे आणि सीमाशुल्कातून सुटलेली बाटली तेथील कायद्यातून आपोआप सुटत नाही.