चिठ्ठीवरचे 'ओडी'
तुमच्या रक्तदाबाच्या गोळीपुढे 'ओडी' लिहिलेले असते, म्हणजे दिवसातून एकदा. आता चष्म्याच्या नंबरचा कागद काढून पाहा. तिथेही 'ओडी' असू शकते, पण अर्थ उजवा डोळा! दोन्ही लॅटिनमधून आले: 'ऑम्नी दिए' म्हणजे रोज, 'ऑक्युलस डेक्स्टर' म्हणजे उजवा डोळा. युरोपात वैद्यकाची भाषा शतकानुशतके लॅटिन होती. ती गेली, आद्याक्षरे मागे राहिली.

अमेरिकेत 'रोज एकदा'साठी 'क्यूडी' लिहीत. घाईच्या अक्षरात ते 'क्यूआयडी', म्हणजे दिवसातून चारदा, असे वाचले जाई. एकाच्या जागी चार गोळ्या! म्हणून २००४ मध्ये तिथे रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने 'क्यूडी' वर्ज्य ठरवले. आपल्याकडे 'ओडी' चालूच आहे. ('रोज सकाळी एक' लिहायला असा किती वेळ लागतो?) डोळ्यांच्या थेंबांपुढे ते दिसले, तर दिवसातून एकदा की उजव्या डोळ्यात, हे विचारूनच बाटली उघडा.