गाठ दुखत नाही, म्हणून अंगावर काढली जाते

आपल्या जोगेश्वरीत, मेघवाडी असो की बांद्रेकरवाडी, एखाद्या बाईच्या छातीत गाठ आली तर ती पहिल्यांदा कुणाला सांगते? बहुतेक वेळा कुणालाच नाही. गाठ दुखत नाही. पाणी भरायचं असतं, डबे करायचे असतात, मुलीची परीक्षा असते. महिने जातात. म्हणून आज थोडा इतिहास सांगतो, कारण तो आपल्याच शहराचा आहे.

परळचं टाटा हॉस्पिटल 1941 साली सुरू झालं. पण शहरात कुणाला कुठला कॅन्सर होतो, याची पद्धतशीर मोजणी 1963 पासून. मुंबई कॅन्सर रजिस्ट्री ही लोकसंख्येवर आधारलेली देशातली पहिली नोंदणी. तेव्हा बायकांमध्ये सगळ्यात जास्त दिसायचा तो गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर. पुढे तो कमी होत गेला आणि स्तनाचा वाढत गेला. आज मुंबईत बायकांमध्ये स्तनाचाच पहिल्या नंबरवर आहे. लग्नं उशिरा, मुलं कमी, वाढलेलं वजन, वाढलेलं आयुष्य, अशी त्याची कारणं.

आता मृत्यूंचं बघू. अमेरिका, ब्रिटनमध्ये 1990 च्या आसपासपासून स्तनाच्या कॅन्सरने मरण्याचं प्रमाण सतत घसरतंय. लवकर निदान आणि चांगले उपचार, दोन्हीमुळे. आपल्याकडे? 2020 चे जागतिक अंदाज सांगतात, भारतात नवीन रुग्ण सुमारे 1 लाख 78 हजार आणि मृत्यू सुमारे 90 हजार. अमेरिकेत रुग्ण अडीच लाखांवर, मृत्यू सुमारे 42 हजार. म्हणजे रुग्ण तिकडे जास्त, मरतात इकडे जास्त. आपल्याकडे बाई डॉक्टरकडे पोचते तेव्हा आजार पुढे गेलेला असतो, हे त्याचं मोठं कारण.

प्रत्येक बाईची मॅमोग्राफी करणं आपल्याला परवडणारं नाही. मग दुसरा मार्ग आहे का? हे शोधायला टाटाच्या डॉ. इंद्रनील मित्रा आणि सहकाऱ्यांनी 1998 साली मुंबईच्या वस्त्यांमध्ये अभ्यास सुरू केला. 35 ते 64 वयाच्या दीड लाखांवर बायका, वीस गट. निम्म्या गटांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासणी केली, अशा चार फेऱ्या. बाकीच्या गटांत फक्त माहिती दिली. त्या बायकांना तपासणीपासून दूर ठेवणं योग्य होतं का, यावर टीकाही झाली, आणि ती विसरू नये.

निकाल 2021 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. तपासणी झालेल्या गटांत पुढच्या टप्प्यात सापडलेले रुग्ण शंभरात 37, दुसरीकडे 47. सगळ्या वयांत मिळून मृत्यू 15 टक्के कमी, पण हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर पक्का ठरला नाही. पन्नाशीखालच्या बायकांत मृत्यू कमी झाले नाहीत. पन्नाशी आणि त्यापुढच्या बायकांचं गणित नंतर वेगळं मांडलं, तेव्हा त्यांच्यात मात्र मृत्यू जवळपास 30 टक्के कमी दिसले. मशीन नाही, फक्त शिकवलेले हात.

सरकारने 2016 मध्ये तीस वर्षांवरच्या बायकांची दर पाच वर्षांनी अशी तपासणी करायचं ठरवलं. पण 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, 30 ते 49 वयाच्या बायकांपैकी कधीतरी स्तनाची तपासणी झालेल्या देशभरात शंभरात एकसुद्धा नाही. मुंबईच्या वस्त्यांतल्या बायकांनी वीस वर्षं या अभ्यासाला साथ दिली. त्याचा फायदा वस्तीत परत यायला नको?

म्हणून के-पूर्व असो की के-पश्चिम, आपल्या वॉर्डातल्या पालिकेच्या दवाखान्यात जाऊन विचारा: ही तपासणी कोणत्या दिवशी होते? कोण करतं? गाठ सापडली तर पुढे कुठे पाठवता, आणि ती बाई तिथे पोचली की नाही हे कोण बघतं? उत्तर इथे कमेंटमध्ये लिहा, मी पाठपुरावा करतो.

आणि घरातल्या आई, मावशी, आत्याला आज विचारा. गाठ असेल, कातडी ओढल्यासारखी दिसत असेल, बोंडातून रक्त किंवा पाणी येत असेल, तर दुखायची वाट बघू नका.