तेलाचा पंप आणि इंजेक्टर



सातारा आणि सांगली या प्रांताच्या यंत्रोद्योगाचा विषय निघाला म्हणजे लोखंडी नांगर व पाण्याचा पंप हींच नांवें प्रथम आठवतात. 1910 सालीं लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं औंध संस्थानांतील कुंडल रोड स्टेशनापाशीं ओसाड माळावर कारखाना वसविला. तो भाग 1949 सालीं दक्षिण सातारा जिल्ह्यांत गेला व 1960 पासून त्या जिल्ह्यास सांगली हें नांव मिळालें. इकडे सातारा रोड येथें धनजीशा कूपर यांच्या कारखान्यांत 1930 नंतरच्या दशकांत डिझेल इंजिनें होऊं लागलीं. अशा इंजिनाच्या पोटांतील एका लहानशा जोडीचा इतिहास आज सांगावयाचा आहे. ही जोडी म्हणजे तेलाचा पंप आणि इंजेक्टर.

रुडॉल्फ डिझेल यांचें इंजिन 1897 सालीं यशस्वी झालें. परंतु त्यांत तेल दाबलेल्या हवेच्या जोरानें आंत फेंकलें जाई, व त्यासाठीं निराळा अवजड दाबयंत्राचा संसार लागे. 1927 सालीं रॉबर्ट बॉश यांच्या जर्मन कारखान्यानें तेल थेट दाबणारा लहान पंप मोठ्या संख्येनें करण्यास आरंभ केला, आणि लहान, वेगवान डिझेल इंजिनांचा मार्ग मोकळा झाला.

या पंपाचें काम किती नाजूक आहे, तें साध्या त्रैराशिकानें कळेल. विहिरीवरचें पांच अश्वशक्तीचें इंजिन मिनिटाला 1,500 फेरे घेतें व दर दोन फेऱ्यांस एकदां तेल घेतें. म्हणजे तासाला 45,000 वेळां. तासाला सव्वा लिटर तेल जळतें असें धरल्यास एका वेळीं सुमारें 28 घनमिलिमीटर तेल लागतें. पाण्याचा एक थेंबही याहून मोठा! एवढें तेल सेकंदाच्या कांहीं सहस्रांशांत धुक्यासारखें फवारावयाचें असतें. म्हणून पंपाचा दट्ट्या व त्याची नळी जोडीनेंच घांसून बसवितात. एकीचा दट्ट्या दुसरीस चालत नाहीं.

आतां टर्बोचार्जर घ्या. बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर अधिक हवा आंत कोंबण्याच्या या युक्तीचें पेटंट आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्यानें 1905 सालीं घेतलें. हवा दीडपट झाली म्हणजे तेलही त्या मानानें वाढविणें आलें. पण पंप मोठा करून इंजेक्टरचीं छिद्रें जुनींच ठेवलीं, तर दाब भलताच चढतो व फवारा लांबतो; उशिरां आलेलें तेल नीट न जळतां काळा धूर होऊन जातें. उलट छिद्रें मोठीं आणि पंप जुनाच, तर दाब उतरून थेंब जाड पडतात. परिणाम पुन्हां धूरच. सारांश, जोर हवेनें वाढतो, पण तो पदरांत पडतो या जोडीच्या मेळानें.

ही सूक्ष्म मापाची विद्या आपल्या देशांत मोठ्या प्रमाणावर रुजली ती 1951 सालीं बंगलोर येथें बॉशच्या सहकार्यानें मोटर इंडस्ट्रीज कंपनी स्थापन झाल्यानंतर. पुढें नाशिक येथेंही इंजेक्टर व नॉझल होऊं लागले. आज दाब व वेळ यांचा हिशेब विद्युत्‌-यंत्रणा ठेवते; तथापि पंपानें द्यावें तितकेंच इंजेक्टरनें घ्यावें, हा नियम बदललेला नाहीं. साताऱ्याच्या भट्टींत इंजिनाचा देह आधीं घडला. त्याच्या घांसाचें माप देशाच्या हातीं येण्यास आणखी दोन दशकें लागलीं. स्वदेशी यंत्राचा इतिहास लिहितांना ओतलेल्या लोखंडाबरोबर या मापाचीही नोंद व्हावयास हवी.