पोस्टकार्ड ते ओटीपी

मोफत वकील हा सरकारचा उपकार नाही, हे आम्ही वस्तीत वारंवार सांगतो. 1976 साली संविधानात कलम 39-अ आले. 1979 च्या हुसैनारा खातून खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याला हक्क म्हटले. पण आम्हाला त्या काळातली दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. न्यायालयाने अर्जाचा नमुना बाजूला ठेवला. तिहार तुरुंगातून सुनील बात्रा यांनी सहकैद्याच्या छळाबद्दल लिहिलेले पत्र हीच याचिका मानली गेली. 1983 साली शीला बारसे यांच्या पत्रावरून मुंबईच्या पोलीस कोठडीतील बायकांपर्यंत वकील पोहोचवण्याचे आदेश निघाले. 1986 च्या सुक दास निकालाने तर, मागितली नाही म्हणून मदत नाकारता येत नाही, असे बजावले.

1987 च्या कायद्याचे कलम 12 अनुसूचित जाती-जमातींना आणि महिलांना उत्पन्न न पाहता वकील देते. (1990 च्या दुरुस्तीमुळे अनुसूचित जातीतून आलेले बौद्धही त्यात आहेत, हे आपल्याच लोकांना माहीत नसते.) 2010 च्या विनियमांप्रमाणे निरक्षर माणसाचा अर्ज विधी सेवा कार्यालयानेच भरून घ्यायचा आहे. मग "ऑनलाइन भरून आणा" म्हणत म्हातारीला सायबर कॅफेत पिटाळणे कोणत्या नियमात बसते? ओटीपी जातो मुलाच्या मोबाइलवर, मुलगा परगावी कामाला.

एप्रिल 2025 मध्ये प्रज्ञा प्रसून खटल्यात डिजिटल सेवा मिळणे कलम 21 चा भाग ठरले. पण तो वाद अंध आणि अ‍ॅसिडहल्ला झालेल्यांच्या केवायसीचा होता. वस्तीत तो आपोआप पोहोचणार नाही. तोवर साध्या कागदावर अर्ज द्या, पोच घ्या. नाकारला, तर तसे लेखी मागा.